सहा रेघांचं ड्रॉइंग

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि तेच काम मी घरी फुकट करते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. बावीस वर्षं झाली. एका हातात माप घ्यायचा व्हर्नियर, समोर ड्रॉइंग आणि चेहऱ्यावर संशय. ड्रॉइंग वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला माज होता. तो माज गेल्या हिवाळ्यात एका गिटारने उतरवला, आणि इतका झकास उतरवला की आजही आठवलं की एकटीच हसत सुटते. बसमध्ये शेजारच्या बायका सरकून बसतात.

गिटार अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तेही रिटायर होईपर्यंत नागापूरलाच टर्नर होते. आठवडाभर लेथ आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात स्टील गिटार. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. तारा बोटांनी दाबायच्या नाहीत. डाव्या हातात स्टीलचा जाड गुळगुळीत रॉड धरून तो तारांवर टेकवायचा आणि सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. सूर तुपाच्या धारेसारखा ओघळतो. रॉड अण्णांनी स्वतःच लेथवर केलेला, इतका चकचकीत की त्यात बघून मी लहानपणी भांग पाडायचे. कागदावरून ते काही शिकले नाहीत. ऐकायचं आणि वाजवायचं, एवढीच त्यांची शाळा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले जिवाला काही नाही, गोळ्यांनी जरा कमी होईल, पण पुरतं थांबणार नाही. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला तो घातलाच. ज्या माणसाने आयुष्यभर केसापेक्षा बारीक मापं सांभाळली, त्याला थरथरता हात चारचौघांत दाखवायची लाज वाटत होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आधी संध्याकाळचा कट्टा बंद झाला, मग लग्नं, बारशी, सगळंच बंद झालं. आई गेल्यापासून ते आमच्याकडे केडगावला राहतात. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला, याचं मला फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा. गिटार कपाटावर धूळ खात पडली.

अशात माझी आत्या पत्रिका घेऊन नेवाशाहून आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आत्याला भाऊ एकच, म्हणजे नवरीला मामाही एकच. आमच्याकडे नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत मामाच आणतो, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. आत्याने पत्रिका ठेवली, अण्णांच्या पाया पडली. अण्णा म्हणाले, माझ्या जागी आमच्या जावयाला उभं करा. आत्याला वाटलं चेष्टा करतायत. मग तिची नजर खिशाकडे गेली. ती चहा अर्धाच पिऊन निघाली. दारात मला म्हणाली, “पोरीनं दुसऱ्या मामाचं नाव बी घेतलं न्हाई अजून. तुज्या बापाला म्हनावं, हात नको दावू, पर तू ये.”

लग्नाला सहा आठवडे होते. मी त्याच रात्री ठरवलं, तो हात खिशातून काढायचा. कसा, ते माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की अण्णांना वाईट काम सहन होत नाही. कुणी तिरकी खुंटी ठोकली तरी ते जेवताना उठून सरळ करणार. तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची गिटार वाईट वाजवायची. कधी ना कधी उठतीलच.

वाईट वाजवायचं मुद्दाम ठरवावं लागलं नाही, ते आपोआप जमलं.

अण्णांना शिकवा म्हटलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मग मी मोबाईलवर शोधलं आणि मला खजिनाच सापडला. लोक गिटारच्या चाली सहा रेघांवर लिहितात. सहा तारा, सहा रेघा, रेघांवर रॉड कितव्या घरावर टेकवायचा त्याचे आकडे आणि मधेमधे चिन्हं. मी ती कागदं बघून अक्षरशः नाचले. हे तर ड्रॉइंग आहे. मापं आहेत, चिन्हं आहेत, यात न कळण्यासारखं आहे काय. हवाई बेटांवरची एक संथ चाल निवडली, साहेबांना विचारून ऑफिसच्या मोठ्या कागदावर छापली, रंगीत पेनाने शेरे मारले, आणि घरी हॉलच्या भिंतीवर चिकटवली. ह्यांनी विचारलं, गिटार बनवायची आहे की वाजवायची. मी लक्ष दिलं नाही.

आता माझ्या अकलेचे दिवे एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट रेघांची. कुठली रेघ म्हणजे कुठली तार? साधा माणूस कागद गिटारशेजारी ठेवील आणि म्हणेल, खालची रेघ म्हणजे माझ्या पोटाजवळची तार. ते बरोबरच आहे. पण मी साधा माणूस नव्हते. आमच्या ड्रॉइंगमध्ये वस्तू वरून कशी दिसते ते समोरच्या चित्राच्या खाली काढतात, आणि खालून कशी दिसते ते वर. मी म्हटलं, गिटारकडे आपण वरून बघतो, म्हणजे सगळं उलटं धरायला हवं. तेव्हा महिनाभर मी ती चाल तारांच्या उलट क्रमाने वाजवली. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी जिना चढायच्या ऐवजी कठड्यावरून पडतंय.

दुसरी गोष्ट तिरप्या रेघेची. कागदावर बऱ्याच ठिकाणी पाच, मग तिरपी रेघ, मग सात असं लिहिलेलं. मला बघताक्षणीच कळलं. पाच ते सात, यात कुठेही बसलं तरी जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पास. आम्ही रोज तेच तर बघतो, माप या दोन आकड्यांच्या मधे असलं की झालं. किती उदार लोक आहेत हे हवाईचे, असं वाटून माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला. मी आपली प्रत्येक वेळी पट्टीने मोजून बरोबर सहावर रॉड टेकवायची. मध्य गाठल्याचं समाधान चेहऱ्यावर.

तिसरं, फुली. एखाद्या जॉबवर फुली मारली म्हणजे तो रिजेक्ट. म्हणून जिथे फुली दिसली तो सूर मी गाळला. मला वाटलं लिहिणाऱ्याचं चुकलं असेल आणि त्याने प्रामाणिकपणे फुली मारली असेल. पुसून टाकायच्या ऐवजी फुली मारणं ही चांगलीच सवय आहे. चौथं, कंसातला आकडा. आमच्याकडे कंसातलं माप नुसतं माहितीसाठी असतं, ते कुणी करायचं नसतं आणि तपासायचंही नसतं. तेव्हा कंस आला की मी हात वर उचलून कागदाकडे आदराने बघत थांबायची.

आणि पाचवं ते नागमोडी चिन्ह. आकड्यापुढे पाण्यावरच्या लाटेसारखी छोटी वाकडी रेघ. जुन्या ड्रॉइंगवर ती मी पाहिली होती, पण खात्री करावी म्हणून अण्णांनाच विचारलं. त्यांनी पेपरावरून एक नजर टाकली. तेवढी एकच मदत त्यांनी त्या महिन्यात केली. म्हणाले, जिथे ही खूण असेल तिथे हत्यार लावायचं नाही, ओतकाम जसं आलंय तसं खडबडीत ठेवायचं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. बाप-लेक दोघांनी मिळून सगळ्या चालीची वाट लावली, आणि एकालाही शंका आली नाही.

पण खरं सांगू का, मला वेड लागलं होतं. कामावरून आले की हातपाय न धुता गिटार मांडीवर. फिलर गेजच्या पातळ पात्यांनी तारांची उंची मोजली. रॉडचा व्यास चार ठिकाणी मोजला, चारही ठिकाणी सारखा निघाला, आणि माझ्या बापाच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी असं म्हणून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. अण्णा आतल्या खोलीतून ऐकत होते. दार लोटलेलं, पण कण्हणं ऐकू यायचं. ह्यांनी कानात कापूस घालून जेवायला सुरुवात केली.

एक महिना असा गेला. एका दुपारी वर्कशॉपमध्ये डबा खाताना मोबाईलवर ती चाल पुन्हा उघडली आणि बोट चुकून भलतीकडेच लागलं. वेगळं पान उघडलं. त्यावर प्रत्येक चिन्ह आणि त्याचा अर्थ ओळीने दिलेला. आमच्याकडे असली माहिती ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली असते, म्हणून मी महिनाभर उजव्या कोपऱ्याखेरीज कुठे बघितलंच नव्हतं.

तिरपी रेघ म्हणजे रॉड पाचवरून सातवर सरकवायचा, तार न सोडता. म्हणजे जो ओघळता सूर ऐकण्यासाठी जगाने ही गिटार बनवली, तो मी महिनाभर एकदाही काढला नव्हता. फुली म्हणजे तार हाताने दाबून नुसता टक आवाज करायचा. कंस म्हणजे सूर आधीचाच चालू आहे, पुन्हा छेडू नका, रॉड मात्र उचलायचा नाही. वरची रेघ वरचीच, खालची खालचीच. मी तिथेच चपातीचा घास हातात धरून हसायला लागले. ठसका लागला. आमच्या सेक्शनमधल्या दोघी जणी पाठीवर थापा मारत होत्या आणि मी त्यांना, पाच ते सात, कुठेही चालेल, एवढंच सांगू शकत होते. त्या दुपारी मी किती जॉब पास केले देव जाणे. सगळे बरोबरच असावेत.

यादीत शेवटी ती लाट होती. अर्थ दिलेला, सूर धरून ठेवा आणि रॉड थरथरवा.

तिथे माझं हसू जरा थांबलं. लग्नाला नऊ दिवस राहिले होते. अण्णांचा नकार आत्याला फोनवर दोनदा कळला होता. आणि मी आता घरी जाऊन त्यांना सांगणार होते की या कागदात जागोजागी हात थरथरवायला लिहिलंय. त्यांना वाटलं मी त्यांच्या हाताची खिल्ली उडवतेय, तर? मी ठरवलं, सांगायचंच नाही. बाकीचं सगळं नीट वाजवायचं आणि लाट गाळायची.

संध्याकाळी मी पहिल्यांदा रॉड सरकवला. पाचवरून सातवर. बाई गं. अंगावर काटा आला. सूर जमिनीवरून उठून खांद्यावर येऊन बसला. मी तेवढं एकच सरकवणं तीस-चाळीस वेळा केलं, उभी राहिले, हॉलभर एक गिरकी घेतली, पुन्हा बसले. मग सगळी चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत. अडखळत, थांबत, पण चाल. ओळखू येईल अशी. आतलं दार उघडलं आणि अण्णा येऊन खुर्चीवर बसले, उजवा हात गुडघ्यावर, डावा खिशात. मी पुन्हा वाजवलं.

“कोरडं हाय,” अण्णा म्हणाले. “शेवटचा सूर मेल्यागत पडतोय. तो धरून ठिवायचा आन हलवायचा. येवढं बी दिलं न्हाई का तुज्या कागदात?”

आता खोटं बोलणं मला जमलं नाही. मी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. दिलंय, म्हटलं. अण्णांनी चष्मा लावला, जवळ येऊन बघितलं आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ही तर खडबडीत ठेवायची खूण. मी म्हटलं, ती आपल्याकडे. यांच्याकडे थरथरवायची.

त्यांच्या सदऱ्याचा खिसा हलत होता. मला रडू येईल असं वाटलं.

“मुद्दाम थरथरवनं येगळं, पोरी,” ते हळूच म्हणाले. “माजा हात माजं ऐकत न्हाई.”

खरं तर तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, मग मला मुद्दाम कसं करायचं ते सांगा तरी. ते खुर्चीवर बसून तोंडी सांगायला लागले. मी रॉड हलवला. खांद्यापासून सगळा हात हलला आणि गिटार मांडीवरून घसरली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. अण्णा म्हणाले मनगटातून. मी कोपरातून केलं. ते म्हणाले, तवा घासतीयास का. मी पुन्हा केलं आणि खरोखरच तवा घासल्यासारखा आवाज आला. तिसऱ्यांदा त्यांच्याने राहवलं नाही. वाईट काम बघून ते उठतात ना, तसे उठले, गिटार स्वतःच्या मांडीवर ओढली आणि माझ्या हातातून रॉड हिसकावला. डाव्या हाताने.

रॉड तारेवर टेकला. मी तार छेडली. आणि हॉलमध्ये बोकड ओरडला.

दुसरा शब्दच नाही. बेंएंएंएं. भला मोठा, चिडलेला बोकड. हात इतका भराभर थरथरत होता की सूर जागच्या जागी कुडकुडत होता. आणि मी हसले. फस्सकन, नाकातून, आवरायच्या आत. दोन वर्षांत आमच्या घरात त्या हाताकडे बघून कुणी हसलं नव्हतं. कुणी त्या हाताकडे सरळ बघतच नव्हतं. मी तोंडावर दोन्ही हात दाबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अण्णा रॉडकडे बघत राहिले. मग खांदे हलले. आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. आवाज न करता, मग आवाज करून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “बोकड हाय ह्यो,” म्हणाले, आणि पुन्हा टेकवला. पुन्हा बोकड. वरच्या तारेवर टेकवला, करडू ओरडलं. जाड तारेवर टेकवला तर आमच्या ह्यांची स्कूटर, थंडीतली, सुरू न होणारी. ह्यांनी स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं की काय चाललंय. मी जमिनीवर बसून पोट धरलं होतं. अण्णांनी गिटारवर सगळा गोठा उभा केला. मला इतकं हलकं, इतकं येड्यासारखं आनंदी वाटत होतं की गावाला बोलावून दाखवावं.

दमल्यावर त्यांनी शांतपणे पुन्हा रॉड टेकवला. या वेळी धरला नाही, त्याच्याच वजनाने तारेवर पडू दिला, वर दोन बोटं नुसती ठेवली. पाचवरून सातवर नेला. थरथर होतीच, पण वजनाखाली दबलेली. सूर निघाला. तो बरोबर होता असं मी इन्स्पेक्टर म्हणून लिहून देणार नाही. मुलगी म्हणून मी तो पास केला. विसातले तीन तसे आले, बाकी बोकड. अण्णा रात्रीच्या जेवणाला चटणी डाव्या हाताने वाढून घेत होते, निम्मी पानाबाहेर.

सकाळी मी उठायच्या आत त्यांनी आत्याला फोन केला होता. काय बोलले ते सांगितलं नाही. आत्याने नंतर मला सांगितलं, की दादा फक्त एवढंच म्हणाला, पोरीचा मामा मीच हाय, दुसरा कोन उभा ऱ्हातो ते बघतो.

नेवाशाजवळच्या त्या मांडवात चारपाचशे माणूस होतं. व्हिडिओवाला पुढे, त्याच्या दिव्याचा सगळा उजेड नवरीवर आणि नवरीला धरून येणाऱ्या अण्णांवर. फेटा, नवा सदरा. तिचा हात त्यांनी डाव्या हातातच धरला होता. उजव्या हाताला धर म्हणून आत्याने खुणावलेलं मी पाहिलं, त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. बांगड्यांचा किणकिण आवाज मागच्या रांगेपर्यंत येत होता. अंतरपाट धरला, ते मागे उभे राहिले, आणि त्यांनी तो हात नवरीच्या खांद्यावर ठेवला. शालू थरथरायला लागला. नवरदेवाकडच्या पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी काळजीने पुढे वाकून विचारलं, पाहुणं, हात थरथरतोय तुमचा, बसता का जरा.

अण्णा ताठ उभे होते.

“थरथरत न्हाई,” ते म्हणाले. “सराव चाललाय.”

नवरी अंतरपाटाआड खुदकन हसली. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि संपेपर्यंत अण्णांनी खांद्यावरचा हात काढला नाही.